थोरलीचा पासपोर्ट : एका नायजेरियन वंशाच्या बास्केटबॉलपटूचं हुकलेलं ऑलिंपिक

या प्रकरणातल्या बहिणींची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. महिला बास्केटबॉल नेमाने पाहणाऱ्याला ओळख दोन परिच्छेदांत पटेल, आणि पटली तरी काही बिघडत नाही, कारण सगळं जगजाहीर आहे. पण नावं आली की चर्चा 'तिच्यावर अन्याय झाला का' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. मला त्यापेक्षा हे बघायचंय, की अन्याय करायचा असं कुणी ठरवलेलं नसताना एवढी मोठी खेळाडू दोन्ही देशांच्या संघाबाहेर कशी राहिली. नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या घरांत पहिल्या मुलीला 'अडा' म्हणतात, आणि तिचा मान आणि तिच्यावरची जबाबदारी दोन्ही मोठी असतात. आपणही तिला थोरलीच म्हणू.

पार्श्वभूमी

आईवडील नायजेरियाचे, घर अमेरिकेत टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या बाजूला. चार मुली, चौघीही बास्केटबॉल खेळल्या. पहिल्या दोघी स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून, धाकट्या दोघी टेक्सासमधल्याच राईस विद्यापीठाकडून. थोरलीचा जन्म जुलै १९९० चा. २०१२ साली अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) तिची निवड पहिल्या क्रमांकावर झाली आणि ती लॉस एंजेलिस स्पार्क्सकडे गेली. दोन वर्षांनी पाठची बहीणही पहिल्याच क्रमांकावर निवडली गेली. दोन सख्ख्या बहिणी ड्राफ्टमध्ये अव्वल, असं त्या लीगमध्ये त्याआधी कधी घडलं नव्हतं.

थोरली फॉरवर्ड, म्हणजे रिंगच्या आसपास खेळणारी. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे तिच्या जागेसाठी फार नाही. तिचा खेळ चालतो तो पावलांवर आणि वेळ साधण्यावर. २०१६ च्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना आठवावा. समोर मिनेसोटा लिंक्स, तेही त्यांच्याच मैदानावर, आणि स्पार्क्स एका गुणाने मागे. शेवटचे काही क्षण. तिचा एक फटका अडवला गेला. निसटलेला चेंडू तिनेच पकडला आणि मागे झुकत, तोल जात असताना पुन्हा रिंगकडे टाकला. घड्याळात ३.१ सेकंद उरले होते. ७७-७६. स्पार्क्स विजेते. त्याच हंगामात लीगची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. पुढच्या वर्षी रशियातल्या दिनामो कुर्स्ककडून तिने युरोपातल्या क्लबांची युरोलीगही जिंकली.

मैदानाबाहेरचं तिचं काम मला तितकंच मोठं वाटतं. २०१६ मध्ये ती खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष झाली. २०२० च्या जानेवारीत लीगबरोबर जो नवा करार झाला त्यात खेळाडूंचा कमाल पगार वर्षाला १,१७,५०० डॉलरवरून २,१५,००० डॉलरवर गेला, प्रवासाच्या सोयी सुधारल्या, बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार आला. करारातली कलमं कशी वाचायची, कुठल्या शब्दावर अडून बसायचं, हे कळणारी ही बाई आहे. पुढे जे झालं ते वाचताना हे ध्यानात असू द्या.

आता देशाच्या जर्सीचा हिशेब. २००८ मध्ये अर्जेंटिनात झालेल्या अमेरिका खंडाच्या अठरा वर्षांखालील स्पर्धेत ती अमेरिकेकडून खेळली. २००९ मध्ये थायलंडला एकोणीस वर्षांखालील विश्वस्पर्धेत. पुढे वरिष्ठ संघाकडून २०१४ आणि २०१८ चे दोन विश्वचषक, दोन्ही जिंकलेले. २०१८ च्या उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेने ज्या संघाला ७१-४० असं हरवलं तो होता नायजेरिया.

आणि ऑलिंपिक? २०१२ ला नाव नाही. २०१६ ला नाव नाही, आणि त्याच वर्षी ती लीगची सर्वोत्तम ठरली.

नायजेरियाचा संघ या काळात झपाट्याने वर येत होता. 'डी टायग्रेस' म्हणतात त्यांना. २०१७ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन आफ्रिकी अजिंक्यपदं त्यांनी जिंकली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये बेलग्रेडला ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. तिथे नायजेरियाने मोझांबिकला हरवून टोकियोचं तिकीट काढलं, आणि त्याच सभागृहात अमेरिकेला शेवटपर्यंत घाम फोडला. अमेरिकेने ७६-७१ अशी जेमतेम सुटका करून घेतली. त्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू कोण, तर थोरली. आईवडिलांच्या देशाविरुद्ध, अमेरिकेच्या जर्सीत.

अडचण

साथीमुळे टोकियो वर्षभर पुढे गेलं. २०२१ च्या जूनच्या सुरुवातीला थोरलीचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही, काही आठवड्यांची विश्रांती पुरेशी होती. २१ जूनला अमेरिकेने बाराजणींची यादी जाहीर केली आणि तिचं नाव पुन्हा नव्हतं. दुखापतीचं कारण सांगितलं तर ते पटणं कठीण होतं, कारण छातीचं हाड मोडल्यामुळे मे महिन्यापासून बाहेर बसलेली ३९ वर्षांची एक दिग्गज खेळाडू त्याच यादीत होती. अमेरिकेकडे चांगल्या खेळाडूंची रेलचेल आहे, आणि बारा जागांत कुणीतरी राहणारच, हेही खरं. पण तोवर लीगची सर्वोत्तम ठरलेल्या खेळाडूंपैकी ऑलिंपिक न खेळलेली ती एकटीच उरली.

म्हणजे पहिली अडचण निवडीची. खेळात ती असतेच, तिच्यावर इलाज नाही. खरी गुंतागुंत यापुढची.

नायजेरियाच्या १९९९ च्या राज्यघटनेनुसार, देशाबाहेर जन्मलेल्या मुलाची आई किंवा वडील नायजेरियन नागरिक असतील तर ते मूल जन्मानेच नायजेरियन. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलं तरी जन्माने मिळालेलं हे नागरिकत्व जात नाही. म्हणजे नायजेरियन सरकारच्या नजरेत चौघी बहिणी पहिल्या दिवसापासून नायजेरियन.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, वेगळ्या चष्म्यातून बघतो. त्याचे दोन नियम इथे आडवे आले.

पहिला नियम जर्सीचा. वयाची सतरा वर्षं झाल्यावर एखाद्या देशाकडून फिबाच्या अधिकृत स्पर्धेत खेळलात की दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही. याला एक खिडकी ठेवलेली आहे. अपवादात्मक परिस्थितीत फिबाचे महासचिव खेळाडूला तिच्या मूळ देशाकडून खेळण्याची परवानगी देऊ शकतात, मात्र ते त्या देशातल्या बास्केटबॉलच्या विकासाच्या हिताचं असायला हवं.

दुसरा नियम पासपोर्टचा. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकत्व मिळवलेली एकच खेळाडू संघात चालते. आणि इथे मेख आहे : दुसऱ्या नागरिकत्वावर जन्मापासून हक्क असला, पण तो हक्क सोळाव्या वर्षाआधी बजावला नसेल, तर तीही याच एका जागेत मोजली जाते. देशाच्या कायद्याने जन्माची नागरिक, खेळाच्या कायद्याने बाहेरून आलेली.

हा नियम वाईट हेतूने आलेला नाही. पैसेवाल्या संघटनांनी तयार खेळाडूंना पासपोर्ट वाटून संघ उभे करू नयेत, म्हणून तो आहे. त्याची गरज मलाही पटते. फक्त तो करताना डोळ्यांसमोर होता तो गरिबाकडून श्रीमंताकडे जाणारा खेळाडू. इथे ओघ उलटा होता.

समोरचे पर्याय

२१ जूनपासून २७ जुलैला नायजेरियाचा पहिला सामना होईपर्यंत हातात ३६ दिवस होते. त्यात गुडघा बरा करायचा होता.

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. ऑलिंपिकसाठी लीगला महिनाभर सुट्टी होती. विश्रांती घ्यायची, हंगामाचा उत्तरार्ध खेळायचा. क्लबच्या दृष्टीने हेच सोयीचं. एकतीस वर्षांच्या शरीरासाठीही हेच शहाणपणाचं.

दुसरा, अमेरिकेच्या संघात कुणाला दुखापत झाली तर बदली म्हणून बोलावणं येईल, या आशेवर थांबण्याचा. यात मान नव्हता, आणि एकदा नायजेरियाकडे अर्ज केला की हे दार बंद होणार, हेही उघड होतं.

तिसरा, नायजेरियाकडून खेळायची परवानगी मागण्याचा. यासाठी अमेरिकेच्या संघटनेने मोकळं करायला हवं, नायजेरियाच्या संघटनेने मागणी करायला हवी आणि फिबाने खिडकी उघडायला हवी. तीनही गोष्टी महिन्याच्या आत.

इथे घराचा मुद्दा येतो. पाठची बहीण, आपण तिला दुसरी म्हणू, हिलाही नायजेरियाकडून खेळायचं होतं. चौघींतली धाकटीही त्याच संघाच्या तयारीत होती. म्हणजे एकाच आईच्या तीन मुली एका ऑलिंपिक संघात दिसण्याची शक्यता होती. नायजेरियन आईवडिलांचीच लेक असलेली लीगमधली आणखी एक सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी उंच खेळाडू, हीही त्यांच्यासोबत अर्जदार होती. थोरलीने एकटीसाठी अर्ज केला असता तर कदाचित गणित सोपं झालं असतं. सगळ्या मिळून गेल्या, आणि सोळा वर्षांच्या नियमातली एकच जागा सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

असा विचार करणं निष्ठुर वाटतं, पण तो करायला हवा होता. दोघी बहिणींपैकी एकच जाऊ शकत असेल तर कोण जाणार? त्या घरात हा प्रश्न कधी निघाला का, हा त्यांचा खासगी मामला. अर्ज मात्र दोघींचेही गेले.

काय केलं

अमेरिकेच्या संघटनेने आडकाठी केली नाही. ज्यांनी तिला संघात घेतलं नव्हतं त्यांनी तिला जाऊ दिलं, आणि त्यांच्या बाजूने ही बाब निदान तिथे संपली. नायजेरियाने मागणी पुढे पाठवली. थोरलीने गुडघ्यावर काम सुरू ठेवलं.

जुलैच्या मध्याला फिबाचं उत्तर आलं. थोरली आणि बहिणींसोबत अर्ज केलेली ती सेंटर, दोघींना नकार. कारण सांगितलं गेलं ते असं : अमेरिकेच्या राष्ट्रीय संघांशी या दोघींचा संबंध फार दीर्घ आणि भरीव आहे. पाठच्या बहिणीला, म्हणजे दुसरीला परवानगी मिळाली, पण ती 'सोळानंतर नागरिकत्व घेतलेली' या एका जागेवर. धाकटीच्या वाटेत काही आलं नाही.

या उत्तरात एक मोठी अडचण दडलेली आहे. खिडकीच्या कलमात प्रश्न आहे तो मूळ देशाच्या हिताचा. नायजेरियात या खेळाचा विकास होईल का, हे तपासायचं होतं. तपासलं गेलं ते अमेरिकेशी तिचं नातं किती जुनं आहे ते. अमेरिकेशी नातं नसतं तर तिला खिडकीची गरजच पडली नसती. दहा वर्षं दुसऱ्या देशाकडून खेळलेली खेळाडू नकोच, असं फिबाला म्हणायचं असेल तर तसं कलमातच लिहायला हवं. वर्षांचा आकडा घाला, सामन्यांचा आकडा घाला. फुटबॉलने २०२० मध्ये असंच केलं : वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने खेळलेले नसतील, शेवटचा अधिकृत सामना एकवीस वर्षांचं होण्याआधीचा असेल आणि मध्ये तीन वर्षं गेली असतील, तर देश बदलता येतो. हा नियम कडकच आहे, आणि त्यात थोरली बसली नसतीच. पण प्रत्येकीला आपण कुठे बसतो ते आधीच कळलं असतं. जून महिन्यात वकील शोधायची वेळ आली नसती.

आपल्याकडच्या वाचकाला क्रिकेटचं उदाहरण जवळचं. मुंबईचा सौरभ नेत्रवळकर २०१० मध्ये भारताकडून एकोणीस वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून खेळताना त्याने भारताच्या विराट कोहली आणि रोहित शर्माला बाद केलं. कुणी भुवई उंचावली नाही. बास्केटबॉलच्या नियमात हाच मुलगा २०१० मध्येच अडकला असता.

नकारानंतर पुन्हा दोन वाटा होत्या. थांबायचं, किंवा लोझानच्या क्रीडा लवादाकडे जायचं. अर्जदार खेळाडू लवादाकडे गेल्या. उद्घाटनाला दिवसच उरले होते, म्हणून मागणी तातडीच्या दिलाशाची होती : अंतिम निकाल नंतर द्या, आत्ता खेळू द्या. उद्घाटनाच्या तोंडावर लवादानेही तो दिलासा नाकारला.

निकाल

२७ जुलै २०२१, टोकियोजवळचा सायतामा. नायजेरियाचा पहिलाच सामना, समोर अमेरिका. साथीमुळे प्रेक्षक नाहीत. अथेन्स २००४ नंतर डी टायग्रेस प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरत होत्या. हिरव्यापांढऱ्या चमूत एका जर्सीच्या पाठीवर ते आडनाव होतं, पण ती होती धाकटी. थोरली नव्हती, आणि दुसरीही त्या बारात नव्हती.

अमेरिकेने ८१-७२ असं जिंकलं. जेमतेम नऊ दिवसांपूर्वी लास वेगासच्या सराव सामन्यात याच संघाने नायजेरियाला ९३-६२ असं हरवलं होतं, हे लक्षात घेतलं तर त्या दिवशी नायजेरियाने काय केलं ते कळतं. पुढे फ्रान्सकडून ६२-८७ आणि यजमान जपानकडून ८३-१०२ असे पराभव झाले आणि स्पर्धा संपली. थोरली असती तर अमेरिकेला हरवलं असतं का? असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. इतकंच म्हणेन, की उंच खेळाडूंच्या झुंजीत आणि रिबाउंडमध्ये, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू पकडण्यात, त्या संघाला जिथे माणूस कमी पडत होतं तिथे जगातल्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक उपलब्ध होती, आणि ती घरी होती.

थोरलीची कारकीर्द थांबली नाही. ती लॉस एंजेलिसकडून खेळत राहिली, २०२४ मध्ये सिअॅटल स्टॉर्मकडे गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती कुठल्याच देशाकडून दिसली नाही.

डी टायग्रेसची कहाणी मात्र वेगळ्या वळणाने गेली, आणि प्रकरण समजून घ्यायला तिचीही गरज आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये याउंडेत मालीला हरवून त्यांनी सलग तिसरं आफ्रिकी अजिंक्यपद जिंकलं, आणि त्यानंतर लगेच खेळाडूंना थकलेल्या भत्त्यांसाठी जाहीरपणे आवाज उठवावा लागला. मे २०२२ मध्ये संघटनेतल्या नेतृत्वाच्या भांडणाचं कारण देऊन नायजेरियाच्या सरकारने देशाला दोन वर्षांसाठी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमधून बाहेर काढलं. निर्णय सुमारे दीड महिन्यात मागे घेतला गेला, पण सिडनीच्या विश्वचषकातली त्यांची जागा तोवर मालीला गेली होती. मैदानावर मिळवलेली जागा मैदानाबाहेर गेली. थोरलीचं जे एकटीचं झालं होतं तेच वर्षाच्या आत बारा जणींचं झालं.

आणि तरी हा संघ पुन्हा उभा राहिला. रेना वाकामा या प्रशिक्षक झाल्या. अमेरिकेत जन्मलेल्या, नायजेरियन आईवडिलांच्या, आणि स्वतः २०१५ मध्ये नायजेरियाकडून खेळलेल्या. त्यांच्या हाताखाली संघाने २०२३ मध्ये किगालीत सेनेगलला ८४-७४ असं हरवून चौथं सलग अजिंक्यपद घेतलं. पॅरिसला ऑस्ट्रेलियाला ७५-६२, कॅनडाला ७९-७० असं नमवून ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी गाठली. आफ्रिकेतला पुरुषांचा किंवा महिलांचा कुठलाच बास्केटबॉल संघ तोवर तिथे पोचला नव्हता. तिथे पुन्हा अमेरिकाच आडवी आली, ८८-७४.

फिबाच्या बाजूने बोलणारा इथे म्हणेल : बघा, थोरलीशिवायही विकास झालाच की. मुद्दा बिनतोड वाटतो. पण ज्या मुलींच्या जिवावर तो झाला त्यांतल्या बऱ्याच जणी अमेरिकेत जन्मलेल्या, तिथल्या कॉलेजांत घडलेल्या होत्या. फरक इतकाच, की त्यांना अमेरिकेने लहानपणी हेरलं नव्हतं. जिला हेरलं तिचीच वाट बंद झाली.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळं २०२१ च्या त्या ३६ दिवसांत बिनसलं असं वाटतं. माझ्या मते ते २००६ ते २००८ या दोन वर्षांतच ठरून गेलं होतं.

पहिला टप्पा जुलै २००६, थोरलीला सोळावं पूर्ण झालं तो दिवस. त्याआधी नायजेरियाचा पासपोर्ट हातात असता तर दुसरा नियम तिच्यासाठी उरलाच नसता. पण टेक्सासमधल्या कुठल्या आईवडिलांच्या मनात हे येणार? मुलगी शाळेत खेळतेय, गृहपाठ करतेय, उन्हाळ्यात सामन्यांना गाडीने न्यायचं आहे. दूतावासात खेटे घालून दुसरा पासपोर्ट काढायचा तो कशासाठी? आपल्याकडचे लोक न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये असेच राहतात, फक्त आपला पेच त्याहून घट्ट आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि २००८ च्या सरकारी धोरणानुसार भारताकडून खेळायला भारतीय नागरिकच असावं लागतं. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. तिथल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीला भारताच्या बास्केटबॉल संघातून खेळायचं असेल तर तिला अमेरिकेचा पासपोर्ट सोडावा लागेल. नायजेरियन मुलीला काही सोडायचं नव्हतं, फक्त वेळेत एक अर्ज भरायचा होता. म्हणून तो न भरला गेल्याची हळहळ जास्त वाटते.

हे काम घरावर टाकणं मला योग्य वाटत नाही. ते संघटनेचं काम होतं. अमेरिकेतल्या शाळांच्या संघांत चौदा-पंधरा वर्षांच्या कोणत्या मुलींचे आईवडील नायजेरियन आहेत, हे शोधायला गुप्तहेर लागत नाही, आडनावांवरूनच कळतं. ह्यूस्टन, अटलांटा अशा शहरांत नायजेरियन वस्ती मोठी आहे, चर्च आहेत, मंडळं आहेत. एक फोन आणि एक फॉर्म. खेळायचं की नाही ते मुलीने पुढे ठरवावं, कागद मात्र तयार असावेत.

दुसरा टप्पा २००८ चा. अठराव्या वर्षी अमेरिकेच्या कनिष्ठ संघाचं बोलावणं येतं. त्या वयाच्या मुलीने नाही का म्हणावं? जगातला सगळ्यात बलाढ्य संघ बोलावतोय. नायजेरियाकडून तेव्हा तेवढ्याच तोलाचं काही समोर नव्हतं. पण बोलावणाऱ्याने तिला समोर बसवून सांगायला हवं होतं, की ही जर्सी घातलीस की दुसरी जवळजवळ कायमची गेली. सही घेण्याआधी कर्जाच्या अटी वाचून दाखवायची अपेक्षा आपण बँकेकडून ठेवतो, तशीच ही. नियम पुस्तकात असणं आणि अठरा वर्षांच्या मुलीला तो माहीत असणं, यांत फार अंतर आहे.

तिसरा टप्पा २०१६. रिओच्या यादीतून नाव गेलं त्या उन्हाळ्यात ती लीगची सर्वोत्तम होती, वय २६. टोकियो चार वर्षं लांब होतं. तेव्हाच फिबाशी रीतसर पत्रव्यवहार सुरू करून, लवादापर्यंत जायला पुरेसा वेळ ठेवून तड लावता आली असती. त्याऐवजी ती अमेरिकेच्या संघात टिकून राहिली. २०१८ चा विश्वचषक, २०२० ची पात्रता स्पर्धा. प्रत्येक सामन्यागणिक 'दीर्घ आणि भरीव संबंध' आणखी दीर्घ होत गेला. तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. स्पर्धेची सर्वोत्तम ठरल्यावर पुढच्या वर्षी यादीत आपण नसू, असं कुणाला वाटेल? पण मागे वळून पाहिलं तर वाट बदलायची खरी जागा हीच होती.

चौथा टप्पा अर्जाचा. सर्वांचे अर्ज एकत्र गेल्यामुळे फिबासमोर चित्र उभं राहिलं ते अमेरिकेच्या लीगमधून एकदम आलेल्या मोठ्या नावांच्या जथ्याचं. शंका येण्यासारखंच ते होतं. त्या संघात वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या एखादीला बारातून बाहेर बसावं लागणार, ही काळजीही खोटी नव्हती. थोरलीचा अर्ज वेगळा, आधी, आणि 'एकच जागा, तीच हिला द्या' असा स्पष्ट मागणीचा असता तर कलमाच्या शब्दांवर बोट ठेवून भांडता आलं असतं. खेळाडूंचा करार कलमागणिक भांडून आणणाऱ्या तिला हे जमलं नसतं असं नाही. पण तो करार तिने संघटनेच्या ताकदीने आणि पुरेसा वेळ घेऊन केला होता. इथे ना वेळ होता, ना पाठीशी भक्कम संघटना.

पाचवा टप्पा फिबाचा. नकार द्यायचा त्यांना अधिकार होता. पण 'विकासाच्या हिताचं' हे कशावरून मोजतात, ते लिहून ठेवायला हवं. अर्जाची मुदत स्पर्धेच्या किमान सहा महिने आधीची हवी, म्हणजे लवादाला पुरतं ऐकून घेता येईल. तातडीच्या दिलाशाच्या सुनावणीत खेळाडूचं म्हणणं खरं की खोटं हे ठरतच नाही, फक्त घड्याळ ठरवतं. आणि नियमातले सोळा आणि सतरा हे आकडे एकदा पुन्हा तपासायला हवेत. सोळाव्या वर्षी जगातल्या बहुतेक मुलींना गाडी चालवायचा परवाना किंवा मतदानाचा हक्क मिळत नाही. देश मात्र तेव्हाच निवडून टाकावा लागतो, आणि तोही निवडतोय हे माहीत नसताना.

आज ह्यूस्टनच्या कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये पंधरा वर्षांची, लांब हातांची, नायजेरियन आडनावाची एखादी मुलगी सरावाला आलेली असेल. तिला सोळावं लागायला अजून काही महिने आहेत. थोरली कोण ते तिला चांगलं ठाऊक असेल, भिंतीवर फोटोही असेल. पासपोर्टचा फॉर्म मात्र तिच्या घरी कुणी नेऊन दिलेला नसेल.